मिश्रीचं औषध आणि एक उकार

माझं अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ओळीवर सुरू केलेला शब्द शेवटाला पोचेपर्यंत खालच्या ओळीत उतरतो. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं मेंढरं आली. ऱ्हस्व-दीर्घाचं मला अजून नीट कळत नाही. शंका आली की नातीच्या पुस्तकात तो शब्द शोधते आणि पाहून उतरवते, म्हणून एका पानाला दोन दुपारी लागतात. तरी चुका राहतीलच. वही नातीचीच आहे, मागची पानं कोरी होती. हे कोणाला दाखवायचं नाही. दवाखान्यात दिवाळी अंक पडलेले असायचे, त्यात लोक आपापल्या नोकरीबद्दल लिहायचे. वकील, मास्तर, कंडक्टर, सगळे. मांजरांना औषध पाजणाऱ्या बाईनं लिहिलेलं मला त्यात कधी दिसलं नाही. म्हटलं, आपण लिहून ठेवावं.

जाफराबादला जनावरांच्या एका खाजगी दवाखान्यात मी चौदा वर्षं काम केलं. लागले ती झाडायला-पुसायला. डॉक्टर दिवसातला निम्मा वेळ फटफटीवर असायचे. कुठं म्हैस अडली, कुठं बैलाच्या खांद्याला सूज. दवाखान्यात मी एकटी. मांजरं घेऊन लोक यायचे ते नेमके तेव्हाच. कोणी बाजाराच्या पिशवीत, कोणी खोक्यात, एक हवालदार तर हेल्मेटमध्ये घालून आले होते. डॉक्टर फोनवर माप सांगायचे, मी पाजायची. असं करता करता मांजरांचं जंताचं औषध माझ्याकडंच आलं. गावातले लोक मला "मांजराची गयाबाई" म्हणू लागले. मला फार बोलता येत नाही, नवीन माणूस समोर आलं की पदर सारखा करत बसते. मांजरांना बोलणारं माणूस लागत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं.

पहिलंच मांजर मी बिघडवलं होतं. आम्ही धनगर. मेंढराला जंताचं औषध पाजायचं म्हणजे दोन पायांत मान धरायची, तोंड वर करायचं आणि बाटली ओतायची. तसंच मी एका बोक्याला पाजलं. त्याला ठसका लागला, डोळे पांढरे केले. डॉक्टर धावत आले, त्याला खाली मान करून धरलं, तेव्हा तो सावरला.

"गयाबाई, मेंढरू न्हाई ते," डॉक्टर म्हणाले. "तोंड वर करून ओतलं तर औषध छातीत जातं. गालाच्या बाजूनं, थेंब थेंब, त्याला गिळायला येळ द्यायचा."

मग शिकले. मांजराला जुन्या टॉवेलात घट्ट गुंडाळायचं, पोळीत भाजी गुंडाळतो तसं, फक्त तोंड बाहेर. पुढून जायचं नाही, मागून कुशीत घ्यायचं. पातळ औषध असेल तर सुई नसलेल्या पिचकारीनं गालात सोडायचं. गोळी असेल तर जबड्याच्या कोपऱ्यात बोट लावायचं, तोंड उघडतं, गोळी जिभेच्या पार मागं ठेवायची, तोंड मिटायचं आणि गळ्यावरून हळू हात फिरवायचा. मांजरानं नाक चाटलं की समजायचं, गेली गोळी. नाक चाटलं नाही तर गोळी गालातच आहे, तुमची पाठ फिरली की टाकणार.

एका गुरुजींना हे पटत नव्हतं. ते म्हणाले, एवढा त्रास कशाला, मी पेढ्यात घालतो. दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून गोळी परत घेऊन आले. पेढा पूर्ण खाल्ला होता आणि गोळी धुतल्यासारखी स्वच्छ ठेवली होती.

"पेढा कोणत्या दुकानाचा होता, गुरुजी?" मी विचारलं.

"का?"

"त्याला आवडला दिसतो."

ते हसले नाहीत. मला मात्र नंतर दोन दिवस माझ्याच धीटपणाचं नवल वाटत होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, घरातल्या मांजराला कुठून जंत होणार? पिल्लाला आईच्या दुधातून होतात. मोठ्याला उंदीर खाऊन होतात, अंगावरच्या पिसवा चाटून होतात. गूळ-साखरेनं होत नाहीत, हे मी शंभर बायांना सांगितलं असेल, एकीनंही मानलं नाही. ओळखायचं कसं? पिल्लाचं पोट हंडीसारखं आणि पाठ काटकी. केसांची चमक जाते. शेपटीखाली, किंवा बसायच्या पोत्यावर तांदळाच्या दाण्यासारखे बारीक तुकडे दिसतात, वाळले की तिळासारखे. औषध एकदा देऊन भागत नाही, डॉक्टर सांगतील तेवढ्या दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं. लोक दुसऱ्या वेळी येत नाहीत. पहिल्या वेळी मांजरानं ओरबाडलेलं असतं.

आता काकीजींचं लिहिते. त्यांच्यासाठीच ही वही उघडली.

काकीजी म्हणजे बाजारातल्या धान्याच्या दुकानाच्या मालकीण, मारवाडी जैन. वय बहात्तर. दुकान मुलगा पारस पाहायचा, मागं घर. त्यांच्याकडं मिश्री नावाची मांजर होती, खडीसाखरेच्या रंगाची. एके दिवशी मिश्रीला घेऊन स्वतः आल्या. मांजरीचं पोट खपाटीला गेलेलं, हाडं लागत होती. दुपट्यावर ते तांदूळ होतेच. तिच्या तीन पिल्लांतली दोन पोटं फुगून मेली होती आणि आता राहिलेलं एक पिल्लू अजून अंगावर पीत होतं.

"जंत आहेत, काकीजी. औषध द्यावं लागंल."

"औषधानं ते जंत मरतात का?"

"मरतात न."

त्यांनी मिश्रीला परत पदराखाली घेतलं. "मंग न्हाई."

मला वाटलं पैशाचं असेल. तसं नव्हतं. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर बसून. जंताला दोन इंद्रियं असतात म्हणे. अंग आहे आणि जीभ आहे. शिवलेलं कळतं, चव कळते. तो जीवच आहे.

"आणि मिश्रीला किती?" मी विचारलं.

"पाच. आपल्यासारखीच."

"मंग काकीजी, पाचवाली मरून राह्यली की."

"तो हिशोब आपल्याला करायचा हक न्हाई, गयाबाई."

"ती उंदीर मारती ते चालतं?"

"ते तिचं कर्म. उंदीर मी तिच्या तोंडात घालत न्हाई. औषध मीच घालणार ना?"

"तुम्ही नका घालू. मी घालते. पाप माझ्याकडं."

त्या हसल्या. "असं असतं तर किती बरं झालं असतं. करणं, करायला लावणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्ही एकच."

त्या गेल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. या वेळी मिश्री पिशवीत होती, चालत नव्हती. पिल्लाचं पोट फुगायला लागलं होतं. काकीजींचे डोळे सुजलेले होते.

"दे औषध," त्या म्हणाल्या. "पण तू पाजू नको. माझ्या घरी, माझ्या हातानं पाजीन. पाप करायचंच तर दुसऱ्याचा हात कशाला मळवायचा? मला फक्त कसं पाजायचं ते दाखव."

मी पिचकारीत पाणी भरून दाखवलं. गालात, थेंब थेंब. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

त्या दिवशी मांजराचं पातळ औषध दवाखान्यात संपलेलं होतं. डॉक्टर एका म्हशीसाठी खेड्यात गेल्ते. फोन लावला. मागून म्हशीचा आवाज येत होता.

"मेडिकलवर मिळंल," ते म्हणाले. "मांजरीचं जंतनाशक, पातळ. चिठ्ठी लिहून दे. वजन सांग, माप सांगतो. पिल्लासाठी उद्या मी येऊन पाहतो."

मी चिठ्ठी लिहिली. "मांजरीचं जंतुनाशक, पातळ." खाली माप. काकीजींनी चिठ्ठी घेतली, नमस्कार केला आणि गेल्या.

मी काय लिहिलं ते मला त्या वेळी कळलंच नाही. इतकी वर्षं रोज सकाळी मी ज्या डब्यातलं औषध बादलीत टाकून फरशी पुसायची, त्या डब्यावर तो शब्द मोठ्या अक्षरात होता. मला जे थोडे शब्द न अडखळता लिहिता यायचे, त्यातला तो एक होता. कानानं एक ऐकलं आणि हातानं डोळ्यांच्या सवयीचं लिहिलं.

मेडिकलवाल्याकडं मांजराचं औषध नव्हतं. काकीजींच्या दुकानातला हमाल चिठ्ठी घेऊन खत-बियाणांच्या दुकानात गेला. तिथल्या माणसानं चिठ्ठी वाचली आणि गोठा धुवायच्या औषधाची लहान बाटली दिली. त्यात त्याचं काय चुकलं? चिठ्ठीत तेच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीजींनी बाटलीतून मापानं औषध घेतलं आणि मिश्रीच्या गालात सोडलं. थेंब थेंब. मीच शिकवलं होतं तसं.

दहाच्या सुमारास पारस मिश्रीला टॉवेलात घेऊन पळत आला. तोंडातून लाळेच्या तारा, जीभ लालभडक, मान डुगडुगत होती. डॉक्टर दवाखान्यातच होते. त्यांनी तोंड धुतलं, सुई दिली आणि बाटली पाहिली.

"हे कोणी दिलं? जंतुनाशक आहे हे! फरशी-गोठे धुवायचं! जालन्याला न्या जल्दी, सलाईन लावावं लागंल."

पारस खत-बियाणांच्या दुकानाचं नाव सांगून जीप ठरवायला पळाला. मी झाडू धरून उभी होते.

"डॉक्टर," मी विचारलं, "जंतनाशक अन् जंतुनाशक येगळं असतं?"

ते जालन्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "जंत पोटात असतात, जंतू डोळ्यांना दिसत न्हाईत. एका उकाराचा फरक आहे, पण एकानं जीव वाचतो अन् एकानं जातो. वाचता येत न्हाई का त्या दुकानदाराला?"

त्याला वाचता येत होतं. लिहिता मला आलं नव्हतं. आणि मी गप्प राहिले. नंतर कळलं की चिठ्ठी दुकानदारानं केराबरोबर फेकली होती. डॉक्टर त्याला बाजारात चार माणसांसमोर बोलले. तो शपथा घेत राहिला की चिठ्ठीत तसंच होतं. कोणी ऐकलं नाही. मी फरशी पुसत राहिले, त्याच डब्यातल्या औषधानं.

का गप्प राहिले? काम जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती दुसरी होती. डॉक्टर म्हणतील, हिला लिहायला का दिलं? चौथी शिकलेली बाई चिठ्ठी लिहिते याचा मला आतून अभिमान होता. घरी येऊन मी सांगायची, आज चार चिठ्ठ्या लिहिल्या म्हणून. तो मान जाईल असं वाटलं.

तीन दिवस असे गेले. पिल्लाला डॉक्टरांनी स्वतः औषध पाजलं, त्याचं पोट उतरायला लागलं. मिश्री जालन्याला सलाईनवर. चौथ्या दिवशी पारस दवाखान्यात आला, डॉक्टरांना म्हणाला, "मिश्री वाचंल असं तिकडले डॉक्टर म्हणतात. पण आईचं काय करू? उपासाला बसली. आठ दिवसांची अठाई म्हणती. तीन दिवस झाले, नुसतं गरम पाणी. प्रेशरची गोळीसुद्धा घेईना. काल चक्कर येऊन पडली."

"पण का?"

"म्हणती, मी जीव मारायला हात उचलला, त्याचं फळ मुक्या जनावराला मिळालं. सगळे सांगून थकलो, दुकानदाराची चूक आहे. म्हणती, दुकानदार निमित्त. पाप माझं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी झाडू भिंतीला टेकवला. म्हटलं, "डॉक्टर, मी अर्ध्या घंट्यात येते."

काकीजी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात माळ. ओठ सुकलेले. बाजूला पिल्लू झोपलेलं. सून पाणी ठेवून बाहेर गेली. वाटेत जे जुळवलं होतं ते सगळं विसरले.

"बस," त्या म्हणाल्या. "मिश्रीचं काही कळलं?"

"काकीजी, तुमचं पाप न्हाई ते."

"तू पण तेच सांगायला आली?"

"दुकानदाराचं पण न्हाई. माझं आहे. चिठ्ठीत मीच जंतुनाशक लिहिलं. जंतनाशक लिहायचं होतं. मला फरक माहीत नव्हता. एक उकार जादा पडला."

त्यांची माळ थांबली. "काय पडलं?"

मी जमिनीवर बोटानं काढून दाखवलं. आधी त, मग त्याच्या खाली उकार. त्यांना मराठी वाचता यायचं. त्या फरशीकडं पाहत राहिल्या, जिथं काहीच उमटलं नव्हतं.

"हे तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आणि तीन दिवस तू चूप बसलीस?" त्यांचा आवाज चढला. उपाशी माणसाच्या अंगात इतका आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. "मी इथं पाण्यावर, तो दुकानदार बाजारात शिव्या खाऊन राह्यला, आणि तू फरशी पुसून राह्यली? लाज न्हाई वाटली?"

"वाटली. म्हणूनच बोलता आलं न्हाई."

मी रडत होते, पदरानं तोंड दाबून, कारण बाहेर सून होती. मग त्यांनी एक विचारलं.

"माझ्या हातानं जर बराबर औषध गेलं असतं, तर मिश्रीला काही झालं नसतं?"

"काही न्हाई. दोन दिवसांत खाऊ लागली असती."

"बिलकुल?"

"बिलकुल, काकीजी."

त्यांनी डोळे मिटले. नंतर म्हणाल्या, "आजचा उपास धरला तो पुरा होईल. उद्या सकाळी पारणं करीन." आणि माझ्याकडं पाहून, "जंतांचं पाप आहे ते मी पाहीन. पण हे तुझं आहे. ते मी अंगावर घेणार न्हाई."

"न्हाईच घ्यायचं. दवाखान्याचा खर्चा मी देईन."

"देशीलच," त्या म्हणाल्या. "मी माफ करणार न्हाई. माफ केलं तर तू जन्मभर माझ्यासमोर मान खाली घालून फिरशील, मला ते बघवणार न्हाई. चार हजार दोनशे सांगितले तिकडं, माझ्या जवळचे दिले. जमंल तसे दे, पण दे. आणि डॉक्टरला सांग. त्या दुकानदाराचं नाव धुतलं पाहिजे. माझ्या घरात मात्र कोणाला बोलू नको. पारसला कळलं तर बाजारभर होईल, मंग तुझ्या हातून कोणी मांजराला पाणीसुद्धा पाजू देणार न्हाई."

त्याच दुपारी डॉक्टरांना सांगितलं. ते पाच मिनिटं खूप बोलले. ते बोलणं मी इथं लिहीत नाही, सगळं खरं होतं. मग गाडीला किक मारून खत-बियाणांच्या दुकानात गेले आणि ज्या चार माणसांसमोर त्याला बोलले होते, त्यांच्यासमोरच म्हणाले, "चिठ्ठी माझ्या दवाखान्यातून चुकीची गेली. तुमची चूक नव्हती." माझं नाव घेतलं नाही. खर्चातले अर्धे द्यायला तयार होते. मी नको म्हटलं. चिठ्ठ्या लिहायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. औषधांच्या नावांचे छापील कागद आणले, मी फक्त खूण करायची. वाईट वाटलं. पण त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

मिश्री परत आली. जिभेचं टोक थोडं झडलं होतं, तेव्हापासून झोपेत जिभेचा एक तुकडा बाहेर राहायचा. महिन्याभरानं डॉक्टरांनी जंताचं औषध द्यायला हरकत नाही म्हटलं. काकीजींनी मला घरी बोलावलं. बाटली तीनदा वाचली, मला वाचायला लावली, सुनेला वाचायला लावली.

"मीच देणार," त्या म्हणाल्या. "तू समोर बस."

मिश्रीला टॉवेलात गुंडाळलं. काकीजींनी पिचकारी भरली आणि लगेच पाजली नाही. मिश्रीच्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." जंतांची माफी मागितली त्यांनी. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. मिश्रीनं गिळलं. नाक चाटलं.

त्यानंतर मी दर महिन्याच्या पगाराला दोनशे रुपये घेऊन जायची. काकीजींनी एकदाही "राहू दे या महिन्यात" म्हटलं नाही. लेकीच्या बाळंतपणाच्या महिन्यात माझ्याकडं शंभरच होते. त्यांनी शंभर घेतले आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात तीनशे." लेकीसाठी मात्र डिंकाचे लाडू बांधून दिले, त्याचा पैशाशी संबंध नाही असं वर सांगितलं. पुढच्या महिन्यात मी तीनशे नेले. मला बरं वाटलं. कोणीतरी मला देऊ शकणारं माणूस समजत होतं.

माझे गुडघे गेले त्याच वर्षी शेवटचा हप्ता होता. दुकानाच्या गादीवर पारस बसला होता, काकीजी बाजूला, मिश्री पोत्यावर. मी दोन नोटा काढून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी उजेडाकडं धरून पाहिल्या.

पारस म्हणाला, "माँ, मी केव्हाचा पाहतो, ही गयाबाई दर महिन्याला तुला पैसे आणून देती. हिचं दुकानात काही बाकी न्हाई. कशाचे आहेत?"

मी पदर सारखा करायला लागले.

"तिचं नि माझं होतं," काकीजी म्हणाल्या. नोटांची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली, दोरी ओढली. "सगळे आले. आता काही न्हाई."